बेवारस गाड्या आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पेठांमधल्या पार्किंगवर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले त्यातले बरेचसे पार्किंगबद्दल नव्हतेच, ते होते वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या, कुणी हातसुद्धा न लावलेल्या गाड्यांबद्दल. म्हणून हा अख्खा कॉलम त्यावरच. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत आणि नावं घातलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांची तक्रार शेजाऱ्याच्याच गाडीबद्दल आहे.

आमच्या गल्लीत एक पांढरी ओम्नी कितीतरी वर्षं उभी आहे. चारही टायर बसलेत. ट्रॅफिक पोलिसांना सांगितलं तर ते म्हणतात महापालिकेचं काम, महापालिकेत गेलं तर म्हणतात पोलिसांकडे जा. नक्की काम कुणाचं? – एक वाचक, सहकारनगर

दोघांचंही आहे, आणि म्हणूनच ते कुणाचंच होत नाही. कायदा नाही असं अजिबात नाही हो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२७ सांगतं की सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी टो करायला लावू शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून घ्यायचा. आता १० तासांचा नियम सरसकट लावला तर रात्री रस्त्यावर लागणाऱ्या निम्म्या गाड्या उचलाव्या लागतील, त्यामुळे पोलीस तो जपून वापरतात आणि मुख्यतः वाहतुकीला अडथळा होत असेल तरच लक्ष घालतात. दुसरीकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधली कलम २३० आणि २३१ आहेत, त्यानुसार रस्त्यावर अडथळा होईल अशी कुठलीही वस्तू ठेवायला मनाई आहे आणि आयुक्तांना ती हटवता येते. तुमची ओम्नी कडेला आहे, वाहतूक चाललीये, पण गाडी मेलेली आहे, म्हणजे तुमचा रस्ता क्षेत्रीय कार्यालयाच्या अतिक्रमण विभागाकडे जातो. पुण्यात अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, आपलं कुठलं ते पाण्याच्या किंवा मिळकतकराच्या कामाने बहुतेकांना माहीत असतंच.

तक्रार तोंडी करू नका. महापालिकेच्या पीएमसी केअर अ‍ॅपवर टाका आणि त्याचबरोबर एक अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देऊन आपल्या कॉपीवर पोच घ्या, त्याची एक प्रत ट्रॅफिक विभागालाही द्या म्हणजे टोलवाटोलवीला जागा राहत नाही. अर्जात गाडीचा नंबर, रंग, नेमकी जागा (कुठल्या बिल्डिंगच्या गेटसमोर, कुठल्या खांबाजवळ) आणि गाडी सोडून दिलेली आहे हे दाखवणारे फोटो हवेत. नुसती धूळ पुरत नाही, परदेशी गेलेल्या माणसाच्या गाडीवरही धूळ असते. बसलेले टायर, फुटलेली काच, बॉनेटखालून उगवलेलं गवत असं काहीतरी दिसू द्या. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे डांबर. आमच्या भागात एक जुनी इंडिका हलवली तेव्हा खाली बरोब्बर गाडीच्या आकाराचा जुना, खड्ड्यांचा, चार बोटं खोल रस्ता निघाला, कारण मधल्या काळात रस्ता दोनदा डांबरी झाला आणि दोन्ही वेळा कामगारांनी गाडीला वळसा घालून डांबर टाकलं होतं. झाडणाऱ्या ताईसुद्धा त्या गाडीभोवतीनेच झाडायच्या. तुमच्या ओम्नीच्या चाकापाशी डांबराची अशी पायरी दिसत असेल तर तिचा फोटो जरूर लावा, गाडी किती जुन्या काळापासून तिथे आहे हे त्याच्याइतकं कुणी सांगणार नाही.

तक्रारीनंतर साधारणपणे काचेवर नोटीस चिकटवतात, मालकाने अमुक दिवसांत गाडी हलवावी अशी, मुदत बहुतेक वेळा आठवड्याभराची असते. त्या नोटिशीचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. खरी गोची इथेच होते, नोटीस लागते आणि सगळ्यांना वाटतं झालं काम, मग पाऊस येतो, कागद गळून पडतो आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी तोच तक्रार नंबर घालून परत लिहा. तरी हललं नाही तर क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची (नागरिक आणि अधिकाऱ्यांची) बैठक असते तिथे विषय मांडा, आणि माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून विचारा की अमुक तारखेला नोटीस दिलेल्या गाडीचं पुढे काय केलं. उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत आहे, आणि माझा अनुभव असा की कागदावर उत्तर द्यायची वेळ आली की क्रेन मिळते.

विभागाचीही एक खरी अडचण आहे. उचललेली गाडी कुठेतरी ठेवावी लागते, मालकाला संधी द्यावी लागते, मग लिलाव. मालक येतच नाही, कारण दंड आणि उचलण्याचा खर्च भरून त्याच्या हातात भंगारच येणार असतं, मग गोदाम भरतं आणि गोदाम भरलं की रस्त्यावरची गाडी उचलणं थांबतं. म्हणजे लिलाव वेळेवर झाले नाहीत तर नुसत्या मोहिमा काढून काही उपयोग नाही, आणि नगरसेवकांना हेच विचारायला हवं, गाड्या किती उचलल्या हे नाही तर उचललेल्यांपैकी किती निकालात काढल्या.

रस्त्यावर नाही पण सोसायटीच्या आत तीन-चार स्कूटर वर्षानुवर्षं पडून आहेत. महापालिका उचलेल का? – सोसायटीचे सेक्रेटरी, बिबवेवाडी

नाही, ती खासगी जागा झाली. गाड्या सभासदांच्या असतील तर कमिटीने लेखी नोटीस द्यायची, सर्वसाधारण सभेत ठराव करून पडून राहिलेल्या गाडीला पार्किंग शुल्क लावायचं, बहुतेक ठिकाणी एवढ्यावर गाडी हलते. मालकाचा पत्ताच नसेल (जुने भाडेकरू सोडून जातात हे नेहमीचं) तर गाड्यांचे नंबर घालून पोलीस स्टेशनला पत्र द्या. मात्र कंटाळून स्वतःच भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकू नका. गाडी कितीही मोडकी असो, ती कुणाच्या तरी नावावर आहे आणि उद्या तो मालक उभा राहिला तर चोरीची तक्रार कमिटीवर होईल.

एक मोटारसायकल महिनाभर आमच्या दुकानासमोर आहे, नंबर प्लेट नाही. चोरीची असेल का? – एक वाचक, हडपसर

असू शकते, आणि इथे थांबू नका. नंबर प्लेट नसलेली किंवा हँडल लॉक तोडलेलं दिसतंय अशी गाडी म्हणजे आधी पोलीस, मग महापालिका. पोलीस चासी नंबर आणि इंजिन नंबरवरून मालक शोधतात, मोटारसायकलचा चासी नंबर सहसा हँडलच्या खाली मानेवर ठोकलेला असतो. तुम्ही गाडीला हात लावू नका, बाजूला ढकलूही नका, फोटो काढा आणि स्टेशनला किंवा ११२ ला कळवा. ज्याची गाडी चोरीला गेली तो माणूस कदाचित अजून तिचे हप्ते भरतोय.

पावसाळ्यात अशा गाड्यांमुळे डेंगी होतो हे खरं का, की उगाच? – एक आई, कर्वेनगर

खरं आहे. डेंगीचा एडिस डास गटारात नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. मेलेल्या गाडीत असं पाणी कुठे कुठे साठतं ते एकदा वाकून बघा: फुटक्या काचेतून आत आलेलं पाणी पायाशी, डिकीत स्टेपनीच्या खोलगट जागेत, वायपरखालच्या जाळीत जी पानांनी बुजलेली असते, आणि टपावर टाकलेल्या जुन्या टायरमध्ये तर हमखास. वरून एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन्महिने टिकतात, म्हणजे उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी गाडी पहिल्या पावसात परत डास द्यायला लागते. बाहेरून हात पोचेल तिथलं पाणी तुम्ही ओतून टाकू शकता. गाडी कुलूपबंद असेल तर अतिक्रमण विभागाची वाट न बघता क्षेत्रीय कार्यालयातल्या कीटक प्रतिबंधक विभागाला वेगळी तक्रार द्या, डासांच्या तक्रारीवर ते लोक त्यामानाने पटकन येतात आणि त्यांनी डासांची पैदास सापडल्याचं लिहून दिलं की गाडी उचलायच्या तुमच्या मूळ तक्रारीलाही जोर येतो. मुलं अशा गाड्यांमध्ये लपाछपी खेळतात तेही थांबवा, दार आतून अडकलं तर उन्हात ती गाडी फार धोक्याची आहे.

पोलीस स्टेशनच्याच बाहेर सडलेल्या गाड्यांची रांग असते, मग आम्हाला कुठल्या तोंडाने नोटीस देतात? – एक वाचक, येरवडा

राग समजतो, पण त्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या मुद्देमालाच्या, म्हणजे अपघातात किंवा गुन्ह्यात जप्त झालेल्या, केस संपेपर्यंत पुरावा म्हणून ठेवलेल्या. तरीसुद्धा त्या सडत ठेवायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलंय: पंचनामा करा, फोटो काढा, मालकाकडून बाँड घ्या आणि गाडी परत द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात) तर मुदतच घातलीये, कोर्टासमोर आलेल्या मालमत्तेची यादी १४ दिवसांत करायची आणि यादी-फोटो झाल्यावर ३० दिवसांत तिचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. तुमची किंवा ओळखीतल्या कुणाची गाडी अशी अडकलेली असेल तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज करा, केस संपायची वाट बघू नका. पुष्कळ लोक अर्जच करत नाहीत, विम्याचे पैसे मिळाले की गाडी विसरतात, आणि ती स्टेशनच्या भिंतीला लागून राहते.

माझा मुलगा परदेशात आहे, तो म्हणतो तिकडे अशी गाडी दिसतच नाही. तिकडे असं वेगळं काय करतात? – एक निवृत्त शिक्षक, औंध

दिसतच नाही असं नाही सर, न्यूयॉर्कसारख्या शहरातही लोक गाड्या टाकून जातात आणि तिथेही नागरिकांना ३११ या हेल्पलाइनवर तक्रार करावी लागते. पण काही देशांनी गाडी टाकून देणंच मालकाला परवडणार नाही अशी व्यवस्था केलीये, ती बघण्यासारखी आहे.

ब्रिटनमध्ये १९७८ चा कायदा आहे, सोडून दिलेली गाडी हटवणं हे स्थानिक कौन्सिलचं कर्तव्यच आहे, मर्जी नाही. गाडी टाकून जाणं तिथे गुन्हा आहे, जागेवरचा दंड २०० पौंड, कोर्टात गेलं तर त्याहून पुष्कळ जास्त. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की तिथे गाडीचा टॅक्स चालूच राहतो, जोवर तुम्ही सरकारला कळवत नाही की गाडी विकली, मोडीत काढली किंवा रस्त्यावरून काढून घरात ठेवलीये. आणि घरात ठेवलीये असं कळवलं की ती रस्त्यावर उभी करायचीच नाही.

नॉर्वेने १९७८ पासून अनामत पद्धत लावलीये, गाडी घेताना थोडे पैसे भरायचे, अधिकृत केंद्रात मोडीत दिली की पैसे मिळतात. जुन्या सोड्याच्या बाटलीचे पैसे दुकानदार परत द्यायचा तसंच. जपानात तर सुरुवातच उलटीकडून आहे, १९६२ पासून गाडी नोंदवायला पार्किंगची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो, जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी, आणि २००५ पासून गाडी मोडण्याचा खर्च मालक आधीच भरून ठेवतो. युरोपियन युनियनमध्ये २००० सालच्या नियमांनी शेवटच्या मालकाकडून गाडी फुकट परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली.

आता आपल्याकडे बघा. खासगी गाडीचा रोड टॅक्स एकदाच, घेताना भरला की १५ वर्षं कुणी विचारत नाही. इन्शुरन्स संपला तर कंपनीचे फोन येतात आणि मग तेही थांबतात. गाडी बंद पडली, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त निघाला, मालकाने नवीन घेतली, जुनी कडेला लावली, आणि त्या दिवसानंतर त्या माणसाला त्या गाडीसाठी एक रुपयाही खर्च येत नाही, एक कागदही भरावा लागत नाही. जागा मात्र जाते, आपल्याकडे एका कारच्या पार्किंगचं माप अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन, फुकट, कायमची. पुण्याने २०१८ मध्ये पे अँड पार्कचं पार्किंग धोरण मंजूर केलं पण ते रस्त्यावर उतरलंच नाही, आणि रस्ता फुकट आहे तोवर मेलेली गाडी ठेवायला रस्त्यासारखी जागा नाही. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही असं २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी बोलून दाखवलं, ते व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण त्याच्या जोडीला गाडीच्या शेवटाचीही तरतूद हवी. नुसत्या क्रेन वाढवून हा प्रश्न सुटायचा नाही.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्यांची फियाट घराबाहेर उभी आहे, आईला ती हलवायची नाही आणि आता काचेवर नोटीस लागलीये. काय करू? – एक मुलगी, सदाशिव पेठ

आधी एक सांगते, तुमच्या आईचं मन समजून घ्यायला कुणी अधिकारी येणार नाही, त्यामुळे नोटिशीची मुदत संपायच्या आत तुम्हीच क्षेत्रीय कार्यालयात जाऊन लेखी द्या की गाडी आमची आहे, बेवारस नाही, आणि हलवायला अमुक दिवस द्या. नोटिशीचं उत्तर देणारा माणूस क्वचित असतो, बहुतेक वेळा ऐकून घेतात. तोवर गाडी नातेवाइकांच्या आवारात, गॅरेजमध्ये, कुठेही पण रस्त्यावरून आत घ्या. एकदा क्रेनने उचलली की नुकसान होतं आणि आईला ते बघवणार नाही.

मग ठरवा, ठेवायची की नाही. ठेवायची असेल तर आधी नाव बदला. मालक गेल्यावर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते, मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायला हवं होतं, उशीर झालाय म्हणून दंड लागेल पण काम होतं. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद आणि बाकी वारसांची संमती घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत जा. १५ वर्षं झाली म्हणून गाडी आपोआप भंगार होते असं नाही हं, तो दिल्लीचा नियम, आपल्याकडे फिटनेस तपासून नोंदणी ५-५ वर्षांनी वाढवता येते. फक्त ते स्वस्त राहिलेलं नाही, १ एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या नोंदणीची फी चांगलीच वाढलीये आणि वर ग्रीन टॅक्स आहे. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि मूळ स्थितीत असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, आरसीवरची (नोंदणीच्या पुस्तकावरची) तारीख बघा, पद्मिनी (फियाटचंच नंतरचं नाव) असली तरी सुरुवातीच्या काळातली असू शकते.

ठेवायची नसेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, पुणे परिसरातही आहेत, आणि गाडी कुठल्याही आरटीओची असली तरी कुठल्याही केंद्रात चालते. वारसाला मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद दाखवून गाडी देता येते. तिथे आधी बॅटरी, ऑइल, कूलंट काढून घेतात, ते मातीत जात नाही, मग गाडी मोडतात. तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, ते नवीन गाडी घेताना नोंदणी फी माफ होण्यासाठी आणि रोड टॅक्सच्या सवलतीसाठी चालतं, मुदत २ वर्षं. फियाटचं स्टिअरिंग किंवा पुढचा बॅज आईसाठी ठेवायचा असेल तर गाडी देण्याआधी केंद्राला विचारून घ्या, एवढ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

एक अडचण आत्ताच तपासा. आरसीवर बँकेचं नाव आहे का? कर्ज कधीच फिटलेलं असतं पण बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आरटीओत दिलेली नसते, आणि तो बोजा उतरल्याशिवाय स्क्रॅपिंग केंद्र गाडी घेत नाही. पुण्यात रस्त्याकडेला पडलेल्या कितीतरी गाड्या एवढ्या एका कागदासाठी पडल्यात. फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि एनओसी यासाठी बँकेच्या शाखेत जा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडून मिळते.

जुनी व्हॅन मी दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला देऊन मोकळा झालो. आता तीच व्हॅन भलत्याच भागात रस्त्यावर उभी आहे आणि महापालिकेचं पत्र माझ्या नावावर आलंय! – एक वाचक, वारजे

तुम्ही पैसे घेतले, किल्ली दिली, पण आरसी तुमच्याच नावावर राहिली, म्हणून कायद्याने मालक तुम्हीच. हे नुसत्या दंडापुरतं नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावरच अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी येते, मध्ये गाडी कितीही हातांतून गेलेली असली तरी. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, आणि विकली तरी १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन कळवायचं असतं. सहसा दोन्हीतलं काहीच होत नाही, कारण भंगारवाला म्हणतो "साहेब काळजी नको, आम्ही बघतो".

आता असं करा. पत्राला लगेच उत्तर द्या, गाडी कुणाला, कधी दिली, पैसे रोख की यूपीआयने, यूपीआय असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. त्याच मजकुराचा अर्ज जिथे गाडी उभी आहे तिथल्या पोलीस स्टेशनला द्या आणि पोच घ्या, म्हणजे मधल्या काळात त्या गाडीतून काही भलतं झालं असेल तर तुमची बाजू कागदावर राहील. मग त्या भंगारवाल्याला गाठा. त्याने गाडी उचलून स्क्रॅपिंग केंद्रात तुमच्या सहीने जमा केली तर उत्तम, तो भेटत नसेल तर टो करण्याचा खर्च तुम्हीच करा आणि तुम्हीच जमा करा, कारण नाव तुमचं आहे आणि पुढची नोटीसही तुम्हालाच येणार. ई-चलन थकलेली आहेत का ते आधी ऑनलाइन बघून घ्या. गाडी हलवण्यापूर्वी नंबर प्लेट आणि चासी नंबरचा स्पष्ट फोटो काढा, आणि केंद्रातून निघताना डिपॉझिटचं सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय निघू नका. मोडल्याचं दुसरं सर्टिफिकेट नंतर येतं, ते आलं की वाहन पोर्टलवर तुमचा नंबर टाकून नोंदणी खरंच रद्द झालेली दिसतेय ना ते तपासा, दिसत नसेल तर दोन्ही सर्टिफिकेटं घेऊन आरटीओत जा.